सौर ऊर्जेवर वीज, थंडावा आणि हायड्रोजन एकत्र: गोव्यासाठी आराखडा कुठून सुरू करावा?

झुआरीकाठ

एकाच सौर प्रकल्पातून वीज, थंडावा आणि हायड्रोजन ही तिन्ही उत्पादने काढण्याविषयीचे शोधनिबंध अलीकडे मोठ्या संख्येने प्रसिद्ध होत आहेत. त्यांतील पुष्कळशा आराखड्यांचा साचा जवळपास ठरलेला असतो. आरशांनी सूर्यकिरण एकवटून तेल किंवा वितळलेले क्षार तापवायचे, त्या उष्णतेवर टर्बाइन फिरवून वीज काढायची, टर्बाइनमधून उरलेल्या उष्णतेवर अ‍ॅब्सॉर्प्शन चिलर चालवून थंड पाणी मिळवायचे आणि विजेचा काही भाग इलेक्ट्रोलायझरला देऊन पाण्यातून हायड्रोजन वेगळा करायचा. शेवटी तिन्ही उत्पादनांची बेरीज करून एकूण कार्यक्षमता सांगितली जाते आणि ती सहसा मोठी दिसते.

माझा पहिला आक्षेप या बेरजेला आहे. एक युनिट (म्हणजे एक किलोवॅट-तास) वीज आणि एक युनिट थंडावा यांचे मोल सारखे नाही. बाहेर ३२ अंश तापमान असताना ७ अंशांचे पाणी तयार करायला, निसर्गनियमांनी आखलेल्या मर्यादेनुसार, थंडाव्याच्या एका युनिटमागे केवळ ०.०९ युनिट वीज पुरेशी असते. प्रत्यक्ष कॉम्प्रेसर त्यापेक्षा बरीच जास्त वीज घेतो, तरीही एका युनिटात चार युनिटे थंडावा सहज देतो. म्हणून विजेच्या रकान्यात थंडावा आहे तसा मिळवला, तर तो आकडा आराखड्याची गुणवत्ता सांगत नाही, कोणते उत्पादन अधिक काढले एवढेच सांगतो.

दुसरा आक्षेप आपल्या हवेचा आहे. आरशांनी एकवटता येतो तो फक्त सरळ येणारा प्रकाश. राजस्थानच्या कोरड्या आकाशाखाली धुरसर येथील १२५ मेगावॅटचा प्रकल्प उभा राहू शकतो, पण गोव्याच्या किनाऱ्यावर हवेतील ओलावा आणि ढग प्रकाश विखुरतात आणि पावसाळ्याचे चार महिने आरसे जवळजवळ निरुपयोगी ठरतात. साधे सिलिकॉन पॅनेल मात्र विखुरलेला प्रकाशही वापरते.

म्हणून माझा प्रस्ताव असा आहे की, आपण आराखडा उत्पादनांपासून न आखता गरजेपासून आखावा. गोव्यात थंडाव्याची जी गरज रोजची, ठरावीक आणि मोठी आहे, ती मासेमारीच्या बर्फाची आहे. मालीम, कुटबण, शापोरा, वास्कोचा खारीवाडा या प्रत्येक जेटीला बर्फ लागतो. १ जून ते ३१ जुलै या ६१ दिवसांच्या मासेमारीबंदीत ही गरज नाहीशी होते आणि नेमक्या त्याच दिवसांत ऊनही सर्वांत कमी असते. मागणी आणि पुरवठा यांचा असा मेळ हॉटेलांच्या वातानुकूलनात किंवा शीतगृहांत मला दिसलेला नाही.

उदाहरणादाखल एक हिशेब मांडते. रोज १० टन बर्फ करणाऱ्या कारखान्याला टनामागे सुमारे ६० युनिटे धरली, तर दिवसाला ६०० युनिटे लागतात. पंप, दिवे व इतर वापर १०० युनिटे धरू. ३०० किलोवॅट क्षमतेची पॅनेल बसवली, तर कोरड्या ऋतूत किलोवॅटमागे साडेचार युनिटे या हिशेबाने १,३५० युनिटे मिळतील. उरलेल्या ६५० युनिटांतून, किलोमागे ५५ युनिटे धरून, जेमतेम १२ किलो हायड्रोजन होईल. जाणकारांनी या मांडणीतील उणिवा दाखवाव्यात, अशी विनंती आहे.

फर्मागुडी

ताई, बेरजेविषयीचा आपला मुद्दा पटला. तरी अ‍ॅब्सॉर्प्शन चिलर इतक्या लवकर बाजूला ठेवावा का, असा प्रश्न पडतो. गुजरातमध्ये गोरज येथील मुनी सेवा आश्रमात शेफ्लर परावर्तकांच्या (सूर्यकिरण एकवटणाऱ्या बशीसारख्या आरशांच्या) वाफेवर रुग्णालयाचे वातानुकूलन केलेले आहे. शिवाय इलेक्ट्रोलायझर चालताना बरीच उष्णता बाहेर टाकतो. एक किलो हायड्रोजनमध्ये ३९.४ युनिटे ऊर्जा साठते आणि आपण ५५ युनिटे खर्च करतो, म्हणजे १५ युनिटांहून अधिक ऊर्जा वाया जाते. ती ६०-७० अंशांच्या पाण्याच्या रूपाने पकडून चिलरला दिली, तर तिन्ही यंत्रणा खऱ्या अर्थाने एकमेकींशी जोडल्या जाणार नाहीत का? पॅनेलच्या पाठीमागून पाणी फिरवून तेथील उष्णताही घेता येईल, आणि पॅनेल थंड राहिल्यामुळे वीजही वाढेल.

शीतयंत्र

मी बर्फाच्या आणि शीतगृहांच्या यंत्रणांवर काम करतो, म्हणून फर्मागुडी यांच्या प्रश्नाचे उत्तर जरा विस्ताराने देतो.

लिथियम ब्रोमाइड आणि पाणी यांवर चालणाऱ्या चिलरमध्ये पाणी हेच शीतक असते. त्यामुळे हे यंत्र ५ अंशांच्या खाली उतरू शकत नाही आणि त्यावर बर्फ होत नाही. बर्फासाठी अमोनिया-पाणी जोडीचा चिलर घ्यावा लागेल, आणि त्याला बरेच जास्त तापमान लागते. ६०-७० अंशांच्या पाण्यावर तो समाधानकारक चालणार नाही.

समजा बर्फाचा विचार सोडला आणि फक्त थंड पाणी हवे आहे असे धरले. ताईंच्या १२ किलो हायड्रोजनमागे, किलोला १० युनिटे याप्रमाणे, १२० युनिटे उष्णता हाती लागेल. चिलर तिच्यातून ७० युनिटे थंडावा देईल. साधा कॉम्प्रेसर तेवढाच थंडावा १७-१८ युनिटे विजेत देतो. म्हणजे चिलर, त्याचे पंप, त्याचा कूलिंग टॉवर आणि द्रावण गोठून नळ्या अडू नयेत म्हणून लागणारी देखरेख हा सगळा व्याप दिवसाकाठी १८ युनिटे वाचवण्यासाठी करायचा. ही वीज सात-आठ जादा पॅनेलांतून मिळते.

कूलिंग टॉवरची अडचण तर गोव्यात विशेष आहे. एक युनिट थंडावा देताना कॉम्प्रेसरची यंत्रणा सव्वा ते दीड युनिट उष्णता बाहेर टाकते, तर एकेरी परिणामाचा, म्हणजे मिळालेली उष्णता एकदाच वापरणारा, चिलर जवळपास अडीच युनिटे टाकतो. ही उष्णता पाण्याच्या बाष्पीभवनाने जाते आणि आपल्याकडची हवा आधीच ओलाव्याने भरलेली असते. मे महिन्यात टॉवरमधून परतणारे पाणी ३०-३२ अंशांच्या खाली येणे कठीण, आणि ते जितके कोमट तितका चिलरला उष्णतेचा स्रोत अधिक तापलेला लागतो. गोरजच्या यंत्रणेला वाफ मिळते, येथे कोमट पाणी मिळणार आहे. त्यामुळे ही तुलना करताना तापमान पाहिलेच पाहिजे.

पॅनेलमागच्या पाण्याचेही असेच आहे. पॅनेल थंड ठेवून वीज वाढवायची, तर पाणी गारच राहिले पाहिजे. उपयोगी उष्णता हवी असेल, तर पाणी तापले पाहिजे आणि मग पॅनेल थंड राहत नाही. दोन्ही हेतू एकाच पाण्याने साधत नाहीत.

फर्मागुडी

आकड्यांसह दिलेल्या उत्तराबद्दल आभार. मग इलेक्ट्रोलायझरची उष्णता वाया घालवायची का?

शीतयंत्र

नाही, ती उष्णता म्हणूनच वापरावी. १२० युनिटांत सुमारे ३,४०० लिटर पाणी ३० अंशांनी तापते. मासळीचे क्रेट, फरशी आणि टेबले धुवायला ५५-६० अंशांचे पाणी उत्तम, आणि बहुतेक ठिकाणी ही धुलाई आज गार पाण्याने होते. दुसरा उपयोग हवेतला ओलावा काढण्याचा. कॅल्शियम क्लोराइडच्या किंवा लिथियम क्लोराइडच्या दाट द्रावणातून हवा नेली की द्रावण ओलावा शोषून घेते आणि पातळ झालेले द्रावण ६०-७० अंशांवर पुन्हा दाट करता येते. मासळी प्रतवारीच्या खोलीत निम्मा त्रास ओलाव्याचा असतो. तेथे ही यंत्रणा कॉम्प्रेसरवरचा भार खरोखर हलका करेल.

कुटबणकर

मी यंत्रशास्त्र शिकलेलो नाही, पण आमच्या घरात मासेमारीचा व्यवसाय आहे आणि बर्फाचे कारखाने लहानपणापासून जवळून पाहिले आहेत. दिवसा ऊन असेल तेव्हा कॉम्प्रेसर चालवून बर्फ करायचा, असा ताईंच्या हिशेबाचा अर्थ मला लागला. परंतु लादी दिवसाच्या सहा-सात तासांत होत नाही. डबे ब्राइनच्या (शून्याखाली थंड केलेल्या मिठाच्या पाण्याच्या) टाकीत सोडले की मोठी लादी गोठायला रात्र उलटून जाते. मोठा कॉम्प्रेसर लावला, तरी लादीचा गाभा वेळ घेणारच. दुसरे असे की ट्रॉलर पहाटे सुटतात आणि बर्फ त्याआधी भरावा लागतो. ज्या दिवशी बर्फ कमी पडेल, त्या दिवशी मासळीचा भाव पडेल. त्यामुळे उन्हावर अवलंबून असलेल्या बर्फाला कोणी सहज होकार देणार नाही.

झुआरीकाठ

कुटबणकर बाब, आपला मुद्दा या साऱ्या आराखड्याच्या मुळाशी जाणारा आहे. लादी गोठण्याचा वेळ तिच्या जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, कारण बाहेरून आत गोठत जाताना आधी तयार झालेला बर्फच उष्णतेची वाट अडवतो. म्हणून केवळ कॉम्प्रेसर वाढवून तास कमी होत नाहीत. आता दोन प्रश्न विचारते: ट्रॉलरवर लादी चढते की लादीचा चुरा? आणि आदल्या दिवशी दुपारी तयार झालेला बर्फ पहाटेपर्यंत कोठीत ठेवला, तर चालतो का?

कुटबणकर

चुराच चढतो. लादी जेटीवर क्रशरमध्ये टाकून फोडतात. लादी मागण्याचे कारण इतकेच की ती वाहतुकीत आणि साठवणीत कमी वितळते. चांगल्या कोठीत चुरा पहाटेपर्यंत राहत असेल, तर त्याला हरकत असण्याचे कारण मला दिसत नाही. मात्र लांबच्या फेरीला जाणाऱ्या बोटी लादीच मागतील.

शीतयंत्र

मग मार्ग आहे. पापुद्र्याचा बर्फ करणारे यंत्र थंड पिंपाच्या पृष्ठभागावर पातळ थर गोठवते आणि तो लगेच खरवडून काढते. हा बर्फ काही मिनिटांत होतो, त्यामुळे यंत्र उन्हाबरोबर चढू-उतरू शकते. लादीपेक्षा त्याला अधिक थंड बाष्पक (यंत्राचा उष्णता शोषणारा भाग) लागतो, म्हणून टनामागे वीजही अधिक जाते. हिशेबासाठी ७५ युनिटे धरावीत. अर्धा बर्फ पापुद्र्याचा, दिवसा. अर्धा लादीचा, सध्याच्या कॉम्प्रेसरवर चोवीस तास, अशी विभागणी मी सुचवीन. कोठीला १०० मिलिमीटर तरी पफचे (उष्णता अडवणाऱ्या फोमचे) आवरण हवे.

झुआरीकाठ

या विभागणीमुळे मला इलेक्ट्रोलायझरचा आकार नव्याने ठरवता आला, आणि या धाग्यातून निघालेली सर्वांत महत्त्वाची गोष्ट मला तीच वाटते.

पहिल्या हिशेबात बर्फ आधी आणि उरलेल्या विजेवर हायड्रोजन असा क्रम होता. त्याचा परिणाम असा की इलेक्ट्रोलायझरला फक्त दुपारच्या शिखराची वीज मिळते. ६५० युनिटे पाच तासांत घ्यायची म्हणजे १३० किलोवॅटचे यंत्र लागते, आणि ते दिवसाचे एकोणीस तास बंद राहते. या साऱ्या सामग्रीत सर्वांत महाग आणि वारंवार चालू-बंद होण्याने सर्वांत लवकर झिजणारे यंत्र हेच आहे. अल्कलाइन इलेक्ट्रोलायझर क्षमतेच्या फार खाली नेता येत नाही, कारण भार कमी झाला की दोन वायू वेगळे ठेवणाऱ्या पडद्यातून झिरपणारा हायड्रोजन ऑक्सिजनच्या बाजूला साचतो आणि त्याचे प्रमाण २ टक्क्यांवर गेले की सुरक्षेसाठी यंत्र थांबवावे लागते. हवेत ४ टक्क्यांपासून हायड्रोजन पेट घेऊ शकतो, हे लक्षात घेता तो नियम योग्यच आहे.

क्रम उलटा केला, तर चित्र बदलते. दिवसभराच्या विजेचा आलेख घंटेसारखा असतो. त्याचा तळाचा सपाट पट्टा इलेक्ट्रोलायझरला द्यावा आणि वरचा उंचवटा बर्फाला. बर्फाचे यंत्र चढउतार सहन करते आणि कोठीतला बर्फ म्हणजे साठवलेला थंडावाच असतो. एक टन बर्फ वितळताना ९३ युनिटे उष्णता शोषतो आणि ही साठवण कोणत्याही बॅटरीपेक्षा स्वस्त आहे.

६० किलोवॅटचा इलेक्ट्रोलायझर आठ तास चालवला, तर तो ४८० युनिटे घेतो आणि पावणेनऊ किलो हायड्रोजन देतो. यंत्र निम्म्याहून लहान झाले, तरी हायड्रोजन जवळपास तीन चतुर्थांश मिळतो. पापुद्र्याच्या ५ टन बर्फाला ३७५ युनिटे, लादीच्या कॉम्प्रेसरला दिवसाच्या आठ तासांत १०० आणि इतर वापराला १०० धरली, तर एकूण १,०५५ युनिटे झाली. उरलेली सुमारे ३०० युनिटे ग्रीडला द्यायची आणि लादीसाठी रात्री २०० युनिटे ग्रीडकडून घ्यायची. ढगांच्या झटपट बदलांसाठी लहान बॅटरी लागेल, पण ती काही मिनिटे निभावण्यापुरती. आणि जून-जुलैत बर्फ बंद असताना, निम्म्याच्या आसपास उतरलेल्या विजेवरही, तळाचा पट्टा घेणारा इलेक्ट्रोलायझर पुष्कळसे दिवस चालू राहू शकतो.

केपेकर

हिशेब सुंदर आहे, पण तो वाचताना मनात सारखा एकच प्रश्न येत होता: हा नऊ किलो हायड्रोजन घेणार कोण? देशाच्या राष्ट्रीय हरित हायड्रोजन अभियानाचे लक्ष्य २०३० पर्यंत वर्षाला ५० लाख टनांचे आहे आणि त्यासाठी जानेवारी २०२३ मध्ये १९,७४४ कोटी रुपयांची तरतूद मंजूर झाली. त्या पटावर जेटीवरचा नऊ किलो कुठे बसतो? झुआरीनगरचा खत कारखाना अमोनियासाठी हायड्रोजन वापरतो हे खरे, पण तेथे एक टन अमोनियाला १७७ किलो हायड्रोजन लागतो. आपल्या दिवसभराच्या उत्पादनातून ५० किलो अमोनिया होईल.

बोटींच्या डिझेलला पर्याय म्हणावे, तर नऊ किलोत ३०० युनिटे ऊर्जा आहे, म्हणजे ३० लिटर डिझेल. एका ट्रॉलरलाही ते पुरणार नाही. आणि हायड्रोजन साठवून रात्री फ्युएल सेलमधून परत वीज करायची, तर किलोमागे ५५ युनिटे घालून १६-१७ युनिटे हाती येतात. मला हायड्रोजनविषयी आस्था आहे, म्हणूनच तो केवळ नावापुरता जोडला जाऊ नये असे कळकळीने वाटते.

झुआरीकाठ

केपेकर यांचे तिन्ही आकडे बरोबर आहेत आणि त्यांमुळे तीन वाटा बंद होतात. एक वाट मात्र उघडी राहते. बाजारात हायड्रोजन सिलिंडरमधून विकला जातो आणि नेहमीच्या ७ घनमीटरच्या सिलिंडरमध्ये तो जेमतेम ०.६ किलो असतो. म्हणजे आपले नऊ किलो हे दिवसाला १५ सिलिंडर होतात. गोव्यात औषधनिर्मितीचे कारखाने आहेत, आणि औषधांच्या रसायनशास्त्रात हायड्रोजनीकरण ही नेहमीची प्रक्रिया आहे. तेथे आणि प्रयोगशाळांत हायड्रोजनची किंमत इंधनाच्या दराने मोजली जात नाही, शुद्धतेच्या आणि वाहतुकीच्या दराने मोजली जाते. असा ग्राहक लेखी ठरला, तरच इलेक्ट्रोलायझर घ्यावा. ग्राहक नसेल, तर पॅनेल, पापुद्र्याचे यंत्र आणि कोठी एवढेच उभारावे आणि इलेक्ट्रोलायझरसाठी जागा व केबलची वाट राखून ठेवावी. आराखड्याची मांडणी त्यामुळे बिघडत नाही, कारण तळाचा पट्टा तोवर ग्रीडला देता येतो.

फर्मागुडी

पाण्याचा प्रश्न कोणी काढला नाही, म्हणून विचारतो. जेटीजवळ खारे पाणी मुबलक आहे. तेच इलेक्ट्रोलायझरला देता येईल का?

शीतयंत्र

थेट देऊ नये. मिठाच्या पाण्यात ऑक्सिजनबरोबर क्लोरीनही सुटतो आणि इलेक्ट्रोड खराब होतात. पण पाणी गोडे करण्याचा खर्च येथे अडसर नाही. समुद्राचे पाणी आरओने गोडे करायला घनमीटरमागे तीन-चार युनिटे लागतात आणि एक किलो हायड्रोजनला शुद्ध पाणी दहा लिटरच्या आसपास. विजेचा हा वाटा नगण्य आहे. दहा टन बर्फाला दहा हजार लिटर पाणी लागते, त्यापुढे हायड्रोजनचे शंभर लिटर म्हणजे एक टक्का.

खाऱ्या हवेकडे मात्र लक्ष द्यावे. पॅनेल क्षारफवाऱ्याच्या चाचणीत उतरलेली असावीत, सांगाडा गरम जस्तलेपनाचा किंवा अ‍ॅल्युमिनियमचा असावा आणि इन्व्हर्टर जेटीच्या बाजूला उघड्यावर ठेवू नयेत.

कुटबणकर

जागेविषयीही ठरवून टाकावे. ३०० किलोवॅटच्या पॅनेलांचेच क्षेत्रफळ दीड हजार चौरस मीटर होईल, आणि मधल्या वाटा धरल्या तर आणखी. ती खाजन जमिनीवर (बांध घालून भरतीच्या पाण्यापासून राखलेल्या जमिनीवर) लावू नयेत, असे मी आग्रहाने सांगेन. बांध, मानस (पाणी आत-बाहेर सोडण्याची दारे) आणि पाण्याची ये-जा यांवर तेथील भातशेती आणि मासळी उभी आहे. कारखान्याचे छप्पर, लिलावाची शेड आणि वाहनतळ यांवर आच्छादन केले, तर सावलीही मिळेल. आणखी एक भीती बोलून दाखवतो. बर्फाच्या कारखान्यात अमोनिया आधीच असतो. त्याच आवारात हायड्रोजन आणणे सुरक्षित आहे का? जेटीवर पहाटे शेकडो माणसे असतात.

झुआरीकाठ

ही भीती रास्त आहे आणि तिचे उत्तर नकाशातच द्यावे लागेल. दोन्ही वायू हवेपेक्षा हलके आहेत, पण त्यांचे धोके वेगळे आहेत. अमोनियाचा वास आधी सावध करतो आणि तो मुख्यतः श्वासाला घातक असतो. हायड्रोजनला वास नाही, त्याची ज्वाला दिवसा दिसत नाही आणि तो अत्यंत अल्प ठिणगीने पेटतो. म्हणून इलेक्ट्रोलायझर स्वतंत्र, बाजूंनी उघड्या शेडमध्ये असावा. छताच्या सर्वांत उंच रेषेला वायू निघून जाण्याची सलग फट असावी, तेथेच संवेदक बसवावा आणि आत साधे पंखे किंवा दिव्यांची बटणे नसावीत. सिलिंडर भरण्याची जागा आणि लिलावाची शेड यांमध्ये कारखान्याची इमारत न ठेवता मोकळे अंतर ठेवावे. साठवण आणि सिलिंडर भरणे यांसाठी नागपूरला मुख्यालय असलेल्या पेसो (पेट्रोलियम व स्फोटक सुरक्षा संघटना) या केंद्रीय संस्थेचा परवाना लागतो. आराखडा पूर्ण झाल्यावर परवान्याकडे वळण्याऐवजी अंतरांचे नियम हाती घेऊनच पहिली रेघ ओढावी.

पुढच्या टप्प्यासाठी एका कारखान्याच्या वीजवापराची तासागणिक नोंद हवी आहे, निदान एक ऑक्टोबरचा आणि एक एप्रिलचा आठवडा. मासिक बिलावरून तळाचा पट्टा किती रुंद ठेवावा हे ठरत नाही. कुटबणकर बाब, आपल्या ओळखीत कोणी मीटरवर नोंदयंत्र लावू देईल का?

कुटबणकर

विचारतो. ऑगस्टच्या सुरुवातीला बंदी उठते तेव्हा मागणी एकदम चढते, म्हणून तो आठवडाही नोंदीत घ्यावा, असे सुचवतो.